विहिरी मोजणारे सर

लातूर जिल्ह्यात विज्ञानाचा शिक्षक निवृत्त झाला की त्याची पुढची वाट ठरलेली असते. ऐंशीच्या दशकाअखेरीस ‘लातूर पॅटर्न’चा बोलबाला झाला, बारावीच्या गुणवत्ता यादीत इथली मुलं झळकू लागली, आणि तेव्हापासून फिजिक्स-केमिस्ट्री नीट शिकवणाऱ्या माणसाला इथे कामाची ददात राहिली नाही. आमचे सर 1998 साली औसा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद प्रशालेतून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले, तेव्हा लातूरचे एक क्लासवाले घरी येऊन बसले होते. पेन्शनच्या कितीतरी पट रक्कम त्यांनी देऊ केली. सरांनी त्यांना चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. त्यानंतरची चोवीस वर्षं, 2022 मध्ये डोळे मिटेपर्यंत, ते गावासाठी राबले. त्या वर्षांचा हा मागोवा. सरांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हयातीत त्यांनी सत्काराची शाल अंगावर पडू दिली नाही, आणि घरच्यांचीही इच्छा तशीच आहे.

निवृत्तीनंतर सरांनी नवं काही सुरू केलं असं मला वाटत नाही. वर्गात जे करत होते तेच ते गावात करत राहिले. वस्तू मोजायची, आकडा तारखेसकट वहीत लिहायचा, आणि विचारील त्याला समजेल अशा भाषेत सांगायचं. एवढंच काम माणूस सलग चोवीस वर्षं करत राहिला तर गावाला त्याचा किती आधार होतो, हे मी जवळून पाहिलं आहे.

सरांचा जन्म 1940 चा, निजामाच्या राज्यातला. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ते आठ वर्षांचे होते. बी.एस्सी. होऊन 1964 साली ते शिक्षक म्हणून लागले तेव्हा शाळेत विज्ञान घेणारी मुलं थोडी असत. पुढे दहावीचा नवा आकृतिबंध आला, मार्च 1975 मध्ये दहावीची पहिली बॅच बोर्डाला बसली, आणि विज्ञान व गणित सगळ्यांना सक्तीचं झालं. खेड्यातल्या प्रशालांवर एकाएकी भार आला. प्रयोगशाळा म्हणजे दोन लोखंडी कपाटं आणि एक लांब टेबल. परीक्षानळ्या, स्पिरिटचा दिवा, लिटमसच्या पट्ट्या, स्प्रिंगकाटा, एक आरसा आणि दोन भिंगं. बऱ्याच शाळांत हे कपाट तपासणीच्या दिवशी उघडत असे. सर ते रोज उघडायचे, आणि किल्ली वर्गातल्याच कुणाकडे तरी द्यायचे. काचेचं सामान फुटलं तर स्वतःच्या पगारातून भरायचे. मुलांना हात लावू दिला नाही तर ते सामान शाळेत असून नसल्यासारखं, असं ते मुख्याध्यापकांना तोंडावर सांगत.

1972 च्या दुष्काळानंतर त्यांनी शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवला. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला नववीतला एक मुलगा पाणी मोजायचा आणि पुठ्ठ्याच्या बांधणीच्या वहीत मिलिमीटरचा आकडा लिहायचा. साडेआठच का, तर हवामान खात्याची वेळ तीच आहे म्हणून. सुट्टीच्या दिवशी सर स्वतः यायचे. त्या वहीचं महत्त्व आम्हा मुलांना तेव्हा कळलं नव्हतं. परीक्षेत तिचे मार्क नव्हते.

16 फेब्रुवारी 1980 ला सूर्यग्रहण झालं. खग्रास पट्टा आमच्या दक्षिणेकडून, कर्नाटकातून गेला होता, पण आमच्याकडेही सूर्य बराच झाकला. दुपारी रस्ते ओस पडले. पाण्याच्या घागरींवर तुळशीपत्रं आणि दर्भ ठेवले गेले, गरोदर बायकांना कोपऱ्यात बसवलं. सरांनी पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून सूर्याची प्रतिमा शाळेच्या भिंतीवर पाडली. बघायला मोजकीच पोरं आली, तीही घरी न सांगता. पुढे आठवडाभर सर त्या पोरांच्या घरी जाऊन आयांशी बोलत राहिले. पोरगं धडधाकट आहे हे दाखवायला ते जायचे, वाद घालायला नव्हे. हा त्यांचा शिरस्ता शेवटपर्यंत टिकला. घटनेच्या वेळी जेवढं करायचे, त्याच्या दुप्पट ते नंतर करायचे.

सरांचं खरं मोठेपण गावाला कळलं ते किल्लारीच्या भूकंपात. किल्लारी आमच्याच तालुक्यातलं. आधीच्या वर्षापासून, 1992 च्या पावसाळ्यापासून, तिथे जमीन गुरगुरत होती. लहानमोठे धक्के बसत होते. लोक काही दिवस बाहेर झोपले, मग कंटाळून घरात गेले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र संपताना, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी मोठा धक्का आला. जवळपास आठ हजार माणसं गेली. दख्खनच्या पठाराची जमीन घट्ट आहे, इथे मोठा भूकंप होत नाही, असं तोवर पुस्तकातून शिकवलं जात होतं. सरांनीही तेच शिकवलं होतं. त्यानंतर पहिल्या तासाला उभं राहून त्यांनी वर्गाला सांगितलं, की पुस्तकातलं हे वाक्य आता आपण खोडायचं, आणि सगळ्यांना पेन्सिलीने ते खोडायला लावलं.

माणसं भूकंपापेक्षा घरांखाली मेली. आमच्याकडची जुनी घरं दगडमातीची, दोन-अडीच फूट जाडीच्या भिंतींची. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर फूट-दीड फूट मातीचा थर. उन्हाळ्यात घर थंड राहावं म्हणून दर दोन-चार वर्षांनी वर आणखी माती घालायची. त्या भिंती बाहेरून आणि आतून वेगवेगळ्या रचलेल्या, मधे माती आणि दगडाची खांडं. दोन्ही अंगांना धरून ठेवणारा आरपार लांब दगड क्वचितच. हादरा बसला तेव्हा भिंतीचे दोन पापुद्रे सुटले आणि माळवद खाली आलं. सरांनी सुट्टीच्या दिवशी सायकलवरून गावोगाव हिंडून पडलेल्या आणि न पडलेल्या भिंतींची चित्रं वहीत काढली. कुठल्या कोपऱ्यातून चीर गेली, दारावर तुळई होती का, लाकडी खांब भिंतीत गाडलेले होते की सुटे, हे सगळं त्यात आहे. पुढे जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम आला. बावन्न गावं नव्या जागी उभी राहिली, आणि न हलवलेल्या गावांतली घरं मजबूत करण्याचं काम निघालं. त्यात गावातल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं होतं. त्या बायका आमच्या गावात आल्या तेव्हा सर ही वही घेऊन त्यांच्या बैठकीला बसले. गवंड्यांना ते दगड रचून दाखवायचे. भिंत बांधताना दर चार फुटांवर एक आरपार दगड घाल, माळवदावरची जादा माती उतरव, कोपरे बांधून घे. गवंडी ऐकायचे, कारण सर स्वतः हाताला माती लावायचे.

त्याच हिवाळ्यात अफवांचं पीक आलं. रोज नवी तारीख निघायची, अमुक रात्री पुन्हा होणार म्हणून. लोक पत्र्याच्या शेडबाहेर थंडीत कुडकुडत बसायचे. सरांनी शाळेच्या फाटकाशी एक फळा टांगला. जाणवलेला प्रत्येक धक्का त्यावर लिहायचा. तारीख, वेळ, भांडी वाजली का, टांगलेला कंदील हलला का, झोपलेला माणूस उठला का. कुणीही येऊन सांगावं, सर दोघातिघांकडून खात्री करून खडूने लिहीत. महिन्याभराने फळ्यावरच दिसायला लागलं, की धक्के विरळ होत चाललेत आणि भांडी वाजवणारे तर फारच कमी. उद्या धक्का बसणार नाही असं सरांनी कधीच म्हटलं नाही. भूकंपाची तारीख कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही, आणि जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका, एवढंच ते म्हणायचे. लोक फळा वाचून घरात झोपायला लागले. अधिकाऱ्यांच्या निवेदनांनी जे साधलं नव्हतं ते या फळ्याने साधलं, असं मी ठामपणे म्हणतो. फळ्यावर काय लिहिलंय ते लोकांनी स्वतःच सांगितलेलं होतं.

दोन वर्षांनी, 21 सप्टेंबर 1995 ला, गणपती दूध पिऊ लागले. देशभर रांगा लागल्या तशा आमच्या गावातही लागल्या. सर मधल्या सुट्टीत बाजारात गेले आणि किराणा दुकानाच्या दारात बसले. चमचाभर दुधात त्यांनी कुंकू कालवलं, आणि चमचा दुकानातल्या किलोच्या लोखंडी वजनाला टेकवला. वजनही दूध पिऊ लागलं. पण दूध लाल होतं, त्यामुळे वजनाच्या कडेवरून खाली उतरणारी बारीक धार सगळ्यांना दिसली. पृष्ठताण म्हणजे काय, ते चमच्याच्या काठावर फुगलेला थेंब दाखवून त्यांनी सांगितलं. रांगेतल्या कुणाला त्यांनी बाहेर काढलं नाही. एका म्हातारीने विचारलं, “गुरुजी, मग म्या दूध पाजू का नको?” सर म्हणाले, “आई, नातवाला पाजा. त्याच्या अंगी लागेल.” म्हातारी रांग सोडून गेली.

निवृत्तीनंतर सरांनी सगळ्यात जास्त वेळ दिला विहिरींना. पावसाची वही शाळेत होतीच, आता गावाच्या शिवारातल्या विहिरींची वही सुरू झाली. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. सरांनी तेच वेळापत्रक धरलं. जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर. साहित्य म्हणजे एक सुती दोरी, तिच्या टोकाला लोखंडी नट, आणि खडू. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर तांबड्या रंगाची एक खूण. मोटर रात्रभर बंद ठेवायला शेतकऱ्याला आदल्या दिवशी सांगायचं. सकाळी दोरीच्या टोकाकडच्या हातभर भागाला खडू फासायचा, नट पाण्यात सोडायचा, दोरी खुणेशी चिमटीत धरून वर ओढायची. जिथपर्यंत खडू धुऊन गेला तिथपर्यंत पाणी. चिमटीपासून त्या ओल्या रेषेपर्यंतचं अंतर टेपने मोजलं की खुणेपासून पाणी किती खोल ते कळतं. मी अनेकदा त्यांच्याबरोबर गेलो आहे. सत्तरी ओलांडल्यावरही कठड्यावरून ओणवं होताना त्यांनी कुणाचा हात धरला नाही. आकडा मोठ्याने म्हणायचे, मी लिहायचो, मग ते माझ्या हातून वही घेऊन आकडा बरोबर लिहिलाय का ते तपासायचे.

या वहीत काय दिसतं, ते सर ग्रामसभेत फळ्यावर चित्र काढून सांगत. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली मांजऱ्या, मग काळा पाषाण. पाणी मुरतं आणि साठतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि खडकाच्या भेगांत. काळ्या पाषाणात पाणी फार नसतं. आपण बोअर खोल नेतो तेव्हा नवं पाणी सापडत नाही, फार जुनं किंवा शेजाऱ्याचं पाणी ओढतो. आपल्या भागात बोअर सहाशे-सातशे फुटांवर गेले तोवर ही गोष्ट ऐकायला कुणाला सवड नव्हती. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्याने शेती आणि उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरी घ्यायला बंदी केली आहे. 60 मीटर म्हणजे दोनशे फुटांच्या आत. बोअरच्या गाड्या मात्र दिवसरात्र चालू होत्या, आणि आजही चालू आहेत.

मग 2016 आलं. मांजरा धरण कोरडं पडलं. मार्चमध्ये लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू करावी लागली. 12 एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली. दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी. टीव्हीवाले आले, स्वागताचे फलक लागले. त्या आठवड्यात आमच्या गावच्या पारावर सरांनी एक हिशेब मांडला, तो मी जसाच्या तसा देतो. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण चार हजार लिटर पाणी होतं. उसाला मोकाट पाणी दिलं तर एका पिकाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास लागतं. म्हणजे एकरी ऐंशी लाख लिटर. मिरजेहून आलेल्या त्या गाडीसारख्या सोळा गाड्या, एक एकर उसाला. आणि आपल्याकडे बऱ्या सालात पाऊस पडतो सातशे-आठशे मिलिमीटर. सर एवढंच बोलून बसले. पारावरच्या बहुतेकांचा ऊस होता. दोघं उठून गेले. बाकीचे बसून राहिले, आणि एकाने विचारलं, “मग ठिबकवर किती लागंल?” सरांनी तो हिशेबही करून दाखवला.

आमच्या शिवारातला ऊस त्याने संपला, असं म्हणणं खरं होणार नाही. ऊस आहेच. पण तीन-चार मोठ्या शेतकऱ्यांनी ठिबक केलं, ओढ्यावरचे बंधारे लोकवर्गणीतून गाळ काढून नीट केले गेले, आणि कुठला बंधारा आधी घ्यायचा हे सरांच्या वहीतल्या आकड्यांवरून ठरलं. जिथे पावसाळ्यानंतर विहिरी सगळ्यात कमी भरत होत्या, तिथला बंधारा आधी. गावच्या राजकारणात एरवी असा निर्णय कसा झाला असता, हे मराठवाड्यात राहणाऱ्याला सांगायला नको.

नेत्रदानाचं काम त्यांनी स्वतःच्या आईच्या मृत्यूनंतर सुरू केलं. हे काम अवघड. बंधारा बांधायला लोक जमतात, पण प्रेत घरात असताना त्या घरी जाऊन हे विचारायचं, तेही पहिल्या काही तासांत, याला फार वेगळी छाती लागते. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत बुबुळाचा पारदर्शक पडदा काढून घ्यावा लागतो. सर जाताना पिशवीत कापूस ठेवत. गेल्यावर आधी एका बाजूला बसत. घरातलं कोण निर्णय घेणारं आहे ते बघत. मग पापण्या मिटलेल्या आहेत ना ते पाहून वर ओला कापूस ठेवत, पंखा बंद करायला सांगत, डोक्याखाली उशी देत. कुणी विचारलं, की हे कशाला, की मग बोलत. पूर्ण डोळा काढत नाहीत, चेहरा विद्रूप होत नाही, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, चष्मा असला तरी चालतं. ही चार वाक्यं त्यांना पाठ झालेली होती.

एकदा एका शिंप्याची आई गेली. मी सरांबरोबर होतो. घरात रडारड चालली होती. शिंपी सरांचाच विद्यार्थी. त्याने बाजूला घेऊन हलक्या आवाजात विचारलं, “सर, मायला पुढच्या जन्मी दिसंल ना?” सर तर्काने चालणारे, पुनर्जन्म न मानणारे. ते म्हणाले, “पुढच्या जन्माचं मला सांगता येत नाही रे. या जन्मी दोन माणसांना दिसू शकेल, एवढं नक्की सांगतो.” शिंप्याने बहिणीला विचारलं, भावाला विचारलं, आणि होकार दिला. डॉक्टरांची गाडी येईपर्यंत सर दारात उभे होते. तेराव्यालाही ते जाऊन आले. नकार देणाऱ्या घरांच्या तेराव्यालाही ते जात. नकाराचा राग त्यांनी कुणावर धरला नाही, म्हणूनच काही वर्षांनी त्याच घरांतून त्यांना बोलावणं यायचं.

भानामती, करणी यांबद्दल त्यांनी केलेलं काम थोडक्यात सांगतो, कारण त्या कामात ते एकटे नव्हते. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते जिल्ह्यात होते आणि सर त्यांना प्रयोगांसाठी मदत करत. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सरांनी शाळेत ठरलेला चमत्कार-उकलीचा कार्यक्रम रद्द होऊ दिला नाही. त्याच वर्षअखेर जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. सरांनी कायद्याची प्रत आणून पोलीस ठाण्यात दिली, कारण तिथे ती पोचलेली नव्हती.

आकाशाची त्यांना आवड होती. 1997 मध्ये हेल-बॉप धूमकेतू, 8 जून 2004 ला शुक्राचं अधिक्रमण, ढगाळ आकाशात पळभर मिळालेलं. पण मुलांना सगळ्यात आवडायचा तो शून्य सावलीचा दिवस. लातूरच्या अक्षांशावर मेच्या मध्याला सूर्य दुपारी नेमका डोक्यावर येतो. घड्याळात त्या वेळी बारा वाजून वीस मिनिटांच्या आसपास झालेले असतात. सर देवळासमोरच्या फरशीवर ओळंबा लावून पाइपचा एक तुकडा सरळ उभा करायचे. त्याची सावली आखडत आखडत पाइपच्या बुडाखाली जायची. मुलं स्वतःच्या सावल्या शोधायची. बारा वाजून वीस मिनिटांचाच मध्यान्ह का, बारालाच का नाही, हे विचारणारा मुलगा दर वर्षी एखादाच निघायचा, आणि सरांचं त्या दुपारचं समाधान त्या एका प्रश्नात असायचं. आपल्या घड्याळाची वेळ मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची आहे आणि आपण तिच्या पश्चिमेला आहोत, हे ते मग हातात मोसंबं धरून समजावत.

या सगळ्याचा खर्च पेन्शनमधून झाला. सरांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या काकूंनी, तो सोसला, आणि नुसता सोसला असं नाही. गावात कुणाच्या घरी माणूस शेवटच्या घटका मोजतंय ही बातमी बायकांकडून आधी त्यांनाच कळायची, आणि बायकांशी नेत्रदानाचं बोलणं त्याच करायच्या. सरांच्या कामाबद्दल बोलताना त्यांचं नाव मागे पडतं, ते बरोबर नाही.

सरांची एक मर्यादाही सांगायला हवी. त्यांनी माणसं जोडली, पण काम दुसऱ्यावर सोपवलं नाही. वही त्यांच्याच हातची, दोरी त्यांचीच, आकडा तेच तपासणार. मंडळ काढावं, नोंदणी करावी, चार तरुणांना जबाबदारी द्यावी असं आम्ही अनेकांनी सुचवलं. संस्था झाली की भांडणं होतात, असं ते म्हणायचे, आणि मराठवाड्यातल्या संस्थांचा इतिहास त्यांच्या बाजूने होता. तरी मला वाटतं इथे ते चुकले. त्यांच्यामागे काम चालवणारी माणसं तयार झाली असती, तर आज चित्र वेगळं दिसलं असतं.

मार्च 2022 मध्ये ते गेले. वय ब्याऐंशी. त्यांच्या पापण्यांवर ओला कापूस काकूंनीच ठेवला आणि फोनही त्यांनीच लावला. नेत्रदान झालं, आणि देह लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला दिला. त्यामुळे अंत्ययात्रा नव्हती. गाडी निघाली तेव्हा बाजारपेठ अर्धा तास बंद राहिली. कुणी सांगितलं नव्हतं.

आज प्रशालेतल्या विज्ञानाच्या कपाटाची काय अवस्था आहे ते लिहायचं टाळतो, कारण ती एका शाळेची गोष्ट नाही. ज्या जिल्ह्यातून दर वर्षी इतकी मुलं डॉक्टर व्हायला जातात, त्या जिल्ह्यात स्पिरिटचा दिवा न पेटवता दहावी होणारी मुलं त्याहून कितीतरी जास्त आहेत. नीटच्या क्लासला बसलेल्या मुलाला बुबुळाचं कार्य चार पर्यायांत ओळखता येतं. त्याच्या शेजारच्या घरात माणूस गेलं, तर पंखा बंद करायचा हे त्याला माहीत नसतं. याचा दोष मी मुलांना देत नाही. त्यांना हे दाखवणारा माणूस पूर्वी गावात होता, आता बऱ्याच गावांत नाही.

सरांच्या वह्या काकूंनी जपून ठेवल्या आहेत. पावसाच्या, भिंतींच्या आणि विहिरींच्या. विहिरींच्या वहीतली शेवटची नोंद जानेवारी 2022 ची आहे. कठड्यांवरच्या तांबड्या खुणा अजून दिसतात. या वर्षी जिल्ह्यातले जे विज्ञान शिक्षक निवृत्त होत आहेत, त्यांना माझी विनंती आहे. तुमच्या गावातली एक विहीर निवडा. दोरी, नट आणि खडू एवढंच लागतं, आणि शेतकऱ्याला मोटर बंद ठेवायला आदल्या दिवशी सांगावं लागतं. पहिलं मोजमाप येत्या ऑक्टोबरात घ्या, आणि सोबत आठवी-नववीतला एक मुलगा किंवा मुलगी न्या. वही त्यांच्या हातात द्या.